सरांचे तीन दोष

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. देवळाली कॅम्पात वडिलांचं लाँड्रीचं दुकान आहे, आणि आमच्याकडे लिहिणं म्हणजे कॉलरच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाच्या खुणेचा आकडा घालणं, एवढंच. मी इंजिनिअर झालो, नोकरीला लागलो, पुढे मॅनेजर झालो, तरी आजवर लिहिलं ते ईमेल आणि टीममधल्या माणसांच्या मूल्यमापनाचे फॉर्म. त्यातल्या एका फॉर्मवर मी तीन दोष लिहिले आणि एका चांगल्या माणसाची नोकरी गेली. हे कुणाला तरी सांगावं असं फार दिवस वाटत होतं. बोलून जमलं नाही, म्हणून लिहितोय. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना आम्ही सगळे ‘सर’ म्हणायचो. ते शिक्षक नव्हते. आमच्या टीममध्ये टेस्टिंग करायचे. आम्ही बनवलेलं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी वापरून, पिळून, आदळून बघायचं, हे त्यांचं काम. मूळचे सटाण्याकडचे. घरी अहिराणी, ऑफिसात मराठी आणि परदेशी गिऱ्हाइकाच्या कॉलवर जवळजवळ मौन. सकाळी आले की प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबून विचारायचे, “काय भाऊ, बरं शे ना?” आम्हीही म्हणायचो, “बरं शे सर.” आमच्यापैकी कुणालाच याच्यापुढे अहिराणी येत नव्हती.

कंपनी मोठी, पण नाशिकचं ऑफिस लहान. इंदिरानगरमध्ये एका इमारतीचे दोन मजले. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर दुसरी टीम. मुख्य ऑफिस बेंगळुरूला. निर्णय तिकडे व्हायचे आणि आम्हाला ईमेलने कळायचे.

मी लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला गिऱ्हाइकाच्या कॉलवर बसवलं. मला एक प्रश्न विचारला गेला. उत्तर मला येत होतं, अगदी तोंडावर होतं, पण इंग्रजीत बाहेर येईना. तेवढ्यात शेजारून एक कागद माझ्यापुढे सरकला. त्यावर देवनागरीत लिहिलं होतं, ‘आय विल चेक अँड टेल यू इन वन अवर.’ मी वाचून टाकलं. कॉल पुढे गेला.

नंतर सर म्हणाले, “हे एक वाक्य आलं ना, की पहिली दोन वर्षं निघतात.”

“आणि पुढची?”

“पुढची मलाही माहीत नाहीत. मी पंधरा वर्षं त्याच्यावरच काढली.”

आमचं सॉफ्टवेअर परदेशातल्या दवाखान्यांसाठी होतं. पेशंटची नोंद, औषधं, लशी असं सगळं. एकदा सगळं तपासून झालं होतं, उद्या गिऱ्हाइकाला द्यायचं होतं, आणि सर मात्र चौथ्यांदा पहिल्यापासून बघत बसले होते. मी वैतागलो होतो. सरांनी दोन बाळांची नोंद केली, आडनाव एक, जन्मतारीख एक, पत्ता एक. सॉफ्टवेअरला वाटलं एकच बाळ चुकून दोनदा लिहिलंय. त्याने दोघांचं मिळून एक केलं. एकाला दिलेली लस दुसऱ्याच्या नावावर गेली.

“तुम्हाला हे सुचलं कसं, सर?”

“घरी दोन आहेत ना. दोघींची अदलाबदल आम्हीसुद्धा केली आहे. एकीला दोनदा दूध पाजलं, दुसरी रडतीये म्हणून तिलाच रागावलो.”

त्यांच्या जुळ्या मुली तेव्हा लहान होत्या. ज्या वर्षाचं मी सांगतोय, त्या वर्षी त्या बारावीला होत्या. दोघींना इंजिनिअर व्हायचं होतं. सर सत्तेचाळीस वर्षांचे होते.

आमचा मॅनेजर पुण्याला गेला तेव्हा त्याची जागा मला मिळाली. का मिळाली याचा मी खूप विचार केलाय. मी सर्वांत हुशार नव्हतो. पण कॉलवर बोलायला शिकलो होतो, आणि बेंगळुरूला माझा आवाज ओळखीचा झाला होता. सरांचा आवाज तिकडे कुणी ऐकलाच नव्हता. मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा मलाच ओशाळल्यासारखं होत होतं. ते उठून उभे राहिले.

“या साहेब. बसा. पोरी, साहेबांना पाणी आण.”

आमच्या टीममधली मुलगी, पंचवटीतल्या गुरुजींच्या घरातली, तिथूनच ओरडली, “साहेबांना सांगा, बाटली त्यांच्याच हातात आहे.”

तेव्हापासून सर मला साहेब म्हणायचे. चेष्टेनेच. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

घरी सांगितलं तर वडिलांनी विचारलं, “म्हंजे तुझ्या हाताखाली किती मानसं?”

“चार.”

“चारच? दुकानात आपन तिघं हाय.”

आता त्या पद्धतीबद्दल सांगावं लागेल. तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कंपनीत वर्षातून एकदा प्रत्येकाला रेटिंग द्यायचं असे. नियम असा होता की प्रत्येक टीममधला निदान एक माणूस सर्वांत खालच्या रकान्यात गेला पाहिजे. सगळेच चांगले, असं चालायचं नाही. चार माणसांच्या टीममध्ये एक जण मुद्दाम वाईट ठरवायचा. नाशिकच्या ऑफिसने याच्यावर एक तोड काढली होती. ती कुणी काढली माहीत नाही, माझ्या आधीच्या मॅनेजरने मला जाताना समजावून सांगितली. खालचं रेटिंग आळीपाळीने द्यायचं. या वर्षी हा, पुढच्या वर्षी तो. ज्याचा नंबर असेल त्याला आधी सांगायचं, तो हसून हो म्हणणार, त्या वर्षी त्याची पगारवाढ जरा कमी होणार, आणि पुढच्या वर्षी त्याला वरचं रेटिंग देऊन भरून काढायचं. ड्रॉवरमध्ये एक कागद होता, त्यावर क्रम लिहिलेला. कुणाची तक्रार नव्हती. बेंगळुरूला वाटायचं नाशिकमध्ये रेटिंगवरून भांडणं होत नाहीत, आणि एकदा त्याबद्दल आमचं कौतुकही झालं होतं.

मलाही ही पद्धत चांगली वाटली. अजूनही वाटतं की तिच्यात वाईट हेतू नव्हता. आमच्या कॅम्पात नळाला पाणी कमी यायचं तेव्हा बायका अशाच आळीपाळीने मागे थांबायच्या.

त्या वर्षी नंबर सरांचा होता.

फॉर्ममध्ये नुसतं रेटिंग देऊन चालत नसे. खालचं दिलं तर तीन उणिवा उदाहरणांसह लिहाव्या लागत. मी फॉर्म घेऊन खाली चहाच्या टपरीवर गेलो. सर आणि ती मुलगी आधीच तिथे होते.

“काढ कागद,” सर म्हणाले. “माझी कुंडली मीच सांगतो. एक, इंग्रजी कच्चं.”

“सर, असं कसं लिहू?”

“का, खोटं आहे? मागच्या कॉलवर मी एकच वाक्य बोललो. गुड मॉर्निंग. तिकडे संध्याकाळ होती.”

मुलगी म्हणाली, “दुसरं मी सांगते. टीममधल्या लोकांच्या डब्यातली भाजी संपवतात.”

“तो गुण आहे पोरी. तुझ्या घरची भाजी संपवायला जिगर लागते.”

“आईला सांगते हं.”

“सांग. शेवग्याच्या शेंगा पुन्हा पाठव म्हणावं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “दोन, नवीन टूल शिकायला वेळ लावतो. हेही खरंच आहे. तीन…” ते जरा थांबले. “तीन लिही, एकच गोष्ट चार-चार वेळा तपासतो. वेळ घालवतो.”

“सर, ते तर तुमचं काम आहे.”

“अरे, मग बेंगळुरूला दोष कोणता दाखवायचा? काहीतरी दिसायला पाहिजे ना कागदावर. लिही बिनधास्त. कधी तुझा नंबर आला की तुझे मी सांगतो. माझ्याकडे यादी तयार आहे.”

आम्ही तिघं खूप हसलो. मी वर जाऊन ते तीन दोष इंग्रजीत नीट मांडले. नुसतं ‘वेळ घालवतो’ असं लिहिलं नाही. वाक्य घडवलं. तपशिलाच्या अतिरेकामुळे कामाचा वेग मंदावतो आणि वारंवार सांगूनही सुधारणा दिसत नाही, अशा अर्थाचं. ‘वारंवार सांगूनही’ हे मी माझ्या मनाने घातलं. त्याने वाक्याला वजन आलं. वाचून माझं मलाच बरं वाटलं. मराठी शाळेतला, लाँड्रीवाल्याचा मुलगा असं इंग्रजी लिहितोय. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

तीन महिन्यांनी बेंगळुरूहून माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला. दुपारची वेळ होती. मी मीटिंग रूममध्ये जाऊन दार लावलं. ते घाईत होते, पण सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, “तुमच्या टीममध्ये एकाला सर्वांत खालचं रेटिंग आहे. ते बरोबर आहे ना? त्याबाबत मला काही सांगायचं असेल तर आज सांगा. उद्या यादी पुढे जाईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

कसली यादी, ते त्यांनी सांगितलं नाही. पण मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. इतर कंपन्यांत माणसं कमी करत होते, रोज कुठून तरी कानावर येत होतं. मला पूर्ण कळलं होतं.

त्यांनी “हॅलो?” म्हटलं. सांगायचं तर काय सांगायचं, हे मी मनात जुळवत होतो. हे रेटिंग खरं नाही, आम्ही आळीपाळीने देतो. म्हणजे मागची सगळी रेटिंगही खोटी. म्हणजे मी सही करून खोटं लिहिलं. मग हा माणूस मॅनेजर कसा, असं ते म्हणणार. मॅनेजर होऊन मला दीड वर्ष झालं होतं. वडील गिऱ्हाइकांना सांगत होते. मला दुसरं काही सुचलं नाही, आणि जे वाक्य सरांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, की तपासतो आणि तासाभरात सांगतो, तेसुद्धा त्या वेळी आठवलं नाही. मी म्हणालो, “येस, इट इज करेक्ट.”

फोन संपला. मी पंधरा मिनिटं तिथेच बसलो होतो. पुन्हा फोन लावता आला असता. संध्याकाळपर्यंत वेळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतसुद्धा होता.

पुढच्या बुधवारी सरांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. पडद्यावर बेंगळुरूच्या एचआरच्या बाई होत्या. मला शेजारी बसायचं होतं आणि काही बोलायचं नव्हतं. बाईंनी समोरचा कागद वाचून दाखवला. सर ऐकत होते. शेवटी बाईंनी विचारलं, काही प्रश्न आहेत का. सर म्हणाले, “काही टेस्ट अर्धवट आहेत. त्या कुणाला देऊ?” त्यांनी हे माझ्याकडे बघून मराठीत विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, त्याची गरज नाही, त्यांचा लॅपटॉप आतापर्यंत बंद झाला असेल.

टेबल आवरायला त्यांना दहा मिनिटं लागली. एक स्टीलचा डबा, चष्म्याचं घर, मुलींचा फोटो. मग ते तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना भेटायला गेले. खाली आल्यावर म्हणाले, “चल, चहा घेऊ.”

टपरीवर नेहमीसारखी गर्दी होती. आम्ही बाजूला उभे राहिलो. त्यांनी निम्मा ग्लास संपवला आणि विचारलं, “एक विचारू?”

“बोला ना सर.”

“यादी करायच्या आधी तुला कुणी विचारलं होतं का रे?”

मी म्हणालो, “नाही सर. यादी वरूनच आली.”

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. सॉफ्टवेअर तपासताना पडद्याकडे बघायचे तसं, काही होतंय का याची वाट बघत. मग म्हणाले, “बरं.” ग्लास ठेवला. “येतो साहेब.” या वेळी साहेब म्हणताना ते हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मला एक गोष्ट कळली. तिसऱ्या मजल्यावरच्या टीममध्येही एकाला खालचं रेटिंग होतं, आळीपाळीनेच. तो माणूस आपल्या जागेवर बसला होता. त्या टीमच्या मॅनेजरला जिन्यात गाठून विचारलं, तुमचा कसा वाचला? तो म्हणाला, “साहेबांनी विचारलं तेव्हा खरं काय ते सांगून टाकलं. शिव्या पडल्या. पुढच्या वर्षी माझं प्रमोशन होणार नाही म्हणे. नाही तर नाही.” मग त्याने मला विचारलं, “तुला फोन आला नव्हता का?”

मी काहीतरी पुटपुटून माझ्या जागेवर गेलो.

त्यानंतर मी धडपड केली. ती सांगून मी स्वतःला चांगला ठरवू पाहतोय असं कृपया समजू नका. मुलींची बारावीची परीक्षा, मग प्रवेशपरीक्षा, मग कॉलेजच्या फेऱ्या. त्याच्या आत सरांना काम लागलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आधी मी बेंगळुरूला अर्ज लिहिला, सरांना परत घ्यावं म्हणून. त्यांनी शोधलेल्या चुका लिहिल्या, जुळ्या बाळांची गोष्ट लिहिली. सगळं लिहिलं, आळीपाळीचं सोडून. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. चार ओळींचं होतं. आपलं आताचं मत आणि आपण स्वतः केलेलं मूल्यमापन यांत तफावत आहे, असं म्हणून खाली माझंच वाक्य अवतरणचिन्हांत दिलं होतं. ‘वारंवार सांगूनही’ सकट.

ओळखीच्या सगळ्यांकडे सरांची माहिती पाठवली. अंबडला, सातपूरला, पुण्याला. बरेच जण वय विचारायचे आणि मग कळवतो म्हणायचे. सर सुरुवातीला फोन घ्यायचे. “हो, बघतो. तू कशाला त्रास घेतोस?” मग एकदा घेतला नाही, मग दोनदा. मग मेसेजवर निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही.

एका रविवारी मी दुकानात वडिलांना सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. कदाचित दुसरं कुणी नव्हतं म्हणून. ते एका अधिकाऱ्याच्या वर्दीला इस्त्री करत होते. ऐकताना हात थांबला नाही.

“तुला इचारलं व्हतं का त्यांनी?”

“विचारलं होतं.”

“मग?”

“रेटिंग बरोबर आहे म्हणालो.”

त्यांनी बाहीवर पाणी शिंपडलं, घडी बसवली, उलटी केली.

“त्या मानसाला ठाव हाय का?”

“नाही.”

“मग जाऊन सांग.”

“कसं सांगू, बाबा?”

“मला काय इचारतो? मी काय कालिजात गेलोय का?”

मी सांगायचं ठरवलं. फोनवर नको म्हणून दोन पानांवर लिहून काढलं, बोलता नाही आलं तर हातात देता येईल म्हणून. आमच्या ऑफिसला सुट्टी होती त्या मंगळवारी पंचवटीत गेलो. भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत सरांचं घर आहे. गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती, एका रिक्षावाल्याने “इथं नको ओ, माझी रिक्षा लागते,” म्हणून हाकललं, मग घाटाकडे लावून चालत आलो. दार वहिनींनी उघडलं.

“या भाऊ. हे बाहेर गेलेत.”

“कधी येतील?”

“आता काय सांगू. बसा ना, पाणी घ्या.”

मी बसलो. मुलींच्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता. दोघी अभ्यास करत होत्या की झोपल्या होत्या, कळलं नाही. मी विचारलं, “कामाचं काही?” वहिनी म्हणाल्या, “चाललंय बघणं.” मी एक तासभर बसलो. वहिनींनी चहा केला. त्या सारख्या घड्याळाकडे बघत होत्या, मला वाटलं मुलींच्या क्लासची वेळ असेल. दोन पानं खिशात होती. ती वहिनींच्या हातात द्यावी असं एकदा मनात आलं. पण त्यांच्या नवऱ्याची नोकरी माझ्या चार शब्दांनी गेली हे त्यांनी आधी वाचावं आणि मग सरांना द्यावं, हे बरं दिसलं नसतं. खरं तर मी घाबरलो. पानं परत आणली. ती अजून माझ्याकडे आहेत, आणि तुम्ही वाचताय त्यातला बराचसा मजकूर तोच आहे.

वर्ष सरत आलं, पुन्हा रेटिंगचे फॉर्म आले. ड्रॉवरमधला कागद मी फाडून टाकला होता. पण क्रम सगळ्यांना पाठ होता. त्या मुलीने एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं, “सर, या वर्षी माझा नंबर आहे ना?”

“आता तसं काही करणार नाही मी.”

“मग कुणाला देणार?”

मी समोरचे फॉर्म उलटे करून ठेवले. ती म्हणाली, “ठीक आहे. मग मी दुसरीकडे बघते.” एवढंच. पूर्वी तिने टोमणा मारला असता. भाजीवरून, सरांवरून, कशावरून तरी. सर गेल्यापासून आमच्या टीममध्ये टोमणे मारणं बंदच झालं होतं. मी जवळ गेलो की बोलणं थांबायचं. मॅनेजर झालं की असं होतंच, असं मी स्वतःला सांगत होतो.

दीड महिन्यात तिला दुसरी नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेटून झाल्यावर ती माझ्याकडे आली. पाठीवर बॅग होती. उभीच राहिली.

“सर, एक सांगायचं होतं. सांगू नका म्हणाले होते, पण मी आता जातेय, आणि तुम्ही अजून लोकांना फोन करता ते मला बघवत नाही. परवासुद्धा तुम्ही कुणाला तरी त्यांची माहिती पाठवलीत.”

“कुणाची? सरांची?”

“सरांना काम लागलंय.”

मी उठून उभा राहिलो. खरंच सांगतो, त्या क्षणी मला फक्त आनंद झाला. “कधी? मला कुणी बोललं कसं नाही?”

“आठ महिने झाले.”

मी हिशेब केला. मी पंचवटीत जाऊन तासभर बसलो होतो, त्याच्याआधी महिनाभर.

“आम्हाला सगळ्यांना घरी बोलावलं होतं. पेढे दिले. मुलींची ॲडमिशनपण झाली, दोघींची, एकाच कॉलेजात. तेव्हाही बोलावलं होतं.”

“सगळ्यांना?”

ती माझ्या टेबलाकडे बघत म्हणाली, “तुम्हाला सांगू नका म्हणाले.”

“का?”

“तिसऱ्या मजल्यावरच्या मॅनेजर सरांनी त्यांना सांगितलं होतं. नोकरी गेली त्या दिवशी वर भेटायला गेले होते ना, तेव्हाच. की सगळ्या मॅनेजरांना फोन आले होते.”

बाहेर कुणीतरी तिला हाक मारली. केक कापायचा होता. तिने “आले” म्हटलं, पण गेली नाही.

“ते काही वाईट बोलले नाहीत हो तुमच्याबद्दल,” ती म्हणाली. “कधीच नाही. मी एकदा बोलले, तर मलाच रागावले.”

मला काहीतरी विचारायचं होतं, आणि जे विचारायचं होतं ते येईना. मी विचारलं, “कुठल्या कंपनीत आहेत?”

“ते पण नका विचारू, सर,” ती म्हणाली.